यादीवरचा विश्वास: संगणकी पोर्ट क्रमांकांचा इतिहास

🧵 #धागा #इतिहास

१/ पोर्ट म्हणजे बंदर, हे आपण शाळेतच शिकतो. संगणकाच्या जाळ्यातला पोर्ट मात्र निराळा. लॅटिनमध्ये बंदराला 'पोर्टुस' आणि दरवाजाला 'पोर्टा' म्हणत. संगणकातला पोर्ट हा दरवाजा आहे. २०१७ साली या दरवाजाने आपल्या न्हावा शेवाच्या बंदराला अडचणीत आणले. ती कथा समजून घ्यायची तर १९७२ पासून सुरुवात करावी लागते.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. जाळ्यातल्या पत्त्यावरून संदेश योग्य संगणकापर्यंत पोहोचतो. पण त्या एकाच संगणकावर ईमेल, संकेतस्थळ, फाइलींची देवाणघेवाण अशा अनेक सेवा चालू असतात. आलेला संदेश कोणत्या सेवेचा, हे पोर्ट क्रमांक सांगतो. गड सापडला, तरी कोणत्या दरवाजाने आत जायचे हे ठाऊक असावे लागते, तसेच हे. हे क्रमांक ० ते ६५,५३५ असे आहेत.

३/ हा दरवाजा लोखंडी किंवा लाकडी नाही. संदेशाच्या आरंभी लिहिलेला तो केवळ एक आकडा आहे. २५ म्हणजे ईमेल, ८० म्हणजे संकेतस्थळ, हे निसर्गनियमाने ठरलेले नाही. लोकांनी ते आपसांत ठरवले. एखादा संकेत सर्वांनी पाळला की त्याची व्यवस्था होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे सूत्र नवे नाही.

४/ हा संकेत ठरवला कोणी? १९७२ मध्ये अमेरिकेतील आर्पानेट हे जाळे बाल्यावस्थेत होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत पीएच.डी. करणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात एक छोटे टिपण प्रसृत केले. क्रमांक वाटण्यासाठी एक 'झार' असावा, असे त्यांनी सुचवले आणि पुढे कंसात प्रश्न टाकला: मी?

५/ विनोदाने विचारलेला तो प्रश्न पुढे पदच झाला. पोस्टेल यांनी, आणि नंतर त्यांच्या सहकारी जॉइस रेनॉल्ड्स यांनी, ही यादी वर्षानुवर्षे सांभाळली. त्या कामाला पुढे 'आयाना' हे नाव मिळाले. पोस्टेल १६ ऑक्टोबर १९९८ रोजी वयाच्या ५५व्या वर्षी निवर्तले. १९७२ च्या टिपणातले ७ आणि ९ हे क्रमांक आजही त्याच सेवांच्या नावे आहेत.

६/ या यादीत एक जीवाश्मही दडलेला आहे. फाइल हस्तांतरण २१, टेलनेट २३, ईमेल २५: जुन्या सेवांचे क्रमांक विषमच का? कारण आर्पानेटच्या पहिल्या नियमांत एक वाट एकाच दिशेची असे. जाण्यायेण्यासाठी दोन क्रमांकांची जोडी लागे, एक सम आणि एक विषम. १ जानेवारी १९८३ रोजी नवे टीसीपी नियम लागू झाले. त्यांत एकच क्रमांक दोन्ही दिशांना पुरे. जोडीची गरज संपली, विषम आकडे मात्र राहिले.

७/ आता विश्वासाकडे वळू. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये असा नियम होता की १०२४ पेक्षा लहान क्रमांकाचा पोर्ट केवळ मुख्य प्रशासकच उघडू शकेल. त्यामुळे अशा पोर्टवरून आलेली विनंती विश्वासार्ह मानली जाई आणि काही सेवा तेवढ्यावर, पासवर्ड न विचारता, परक्या संगणकाला आत घेत. संगणक मोजके आणि प्रशासक परस्परांच्या ओळखीचे होते, तोवर हे चालून गेले.

८/ २ नोव्हेंबर १९८८. कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने एक स्वयंप्रसारी प्रोग्राम जाळ्यात सोडला. तो तीन वाटांनी शिरला: पोर्ट २५ वरील ईमेल सेवेतली चाचणीसाठी उघडी राहिलेली सोय, वर सांगितलेला आंधळा विश्वास, आणि पोर्ट ७९ वरील 'फिंगर' ही कोण कामावर आहे ते सांगणारी निरुपद्रवी सेवा.

९/ फिंगरने प्रश्नासाठी ५१२ बाइटची जागा राखली होती. मॉरिसच्या प्रोग्रामने ५३६ बाइट पाठवले. आलेल्या मजकुराची लांबी कोणी मोजतच नव्हते. वरचे बाइट शेजारच्या स्मृतीत सांडले आणि त्या संगणकाने ते आज्ञा म्हणून पाळले. मॉरिसला तीन वर्षांचे प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि दंड झाला. या घटनेनंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा संकटांसाठी पहिले समन्वय केंद्र उभे राहिले.

१०/ सारेच धडे इतके महाग पडले नाहीत. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठातील जाळ्यावरून पासवर्ड चोरले गेले. टेलनेट ते उघड्या अक्षरांत पाठवत असे. तिथल्या ताटू यलोनेन यांनी सांकेतिक लिपीत बोलणारी 'एसएसएच' ही सेवा लिहिली. २१ आणि २३ यांच्यामधला २२ मोकळा होता. त्यांनी १० जुलैला तो मागणारे पत्र आयानाला लिहिले. दुसऱ्याच दिवशी रेनॉल्ड्स यांचे होकाराचे उत्तर आले.

११/ २५ जानेवारी २००३. 'स्लॅमर' हा अवघ्या ३७६ बाइटचा प्रोग्राम पोर्ट १४३४ वर आदळला. समोरच्याची संमती घेण्यात त्याचा वेळ जात नव्हता. तो नुसते संदेश फेकत सुटला. आरंभी दर साडेआठ सेकंदांना बाधित संगणक दुप्पट होत होते. या त्रुटीवरची दुरुस्ती सहा महिने आधीच उपलब्ध होती.

१२/ २०१६ मध्ये 'मिराई' आली. तिने पोर्ट २३ ठोठावला, म्हणजे तेच जुने टेलनेट. या वेळी आत घरगुती कॅमेरे आणि राउटर होते, आणि कारखान्यात घातलेले त्यांचे पासवर्ड कोणी बदललेच नव्हते. अशा सुमारे साठ ठरावीक जोड्या वापरून मिराईने प्रचंड फौज उभी केली. त्या ऑक्टोबरात अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास कोलमडली.

१३/ आणि आता न्हावा शेवा. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून 'नॉटपेट्या' पसरला. एका संगणकावरून दुसऱ्यावर जाण्याची त्याची एक वाट होती पोर्ट ४४५, कार्यालयात फाइली वाटून घेण्याचा दरवाजा. मर्स्क या जहाज कंपनीची संगणक यंत्रणा ठप्प झाली आणि जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. ४४५ वरील त्रुटीची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती.

१४/ या सगळ्याचा अर्थ काय? पोर्ट क्रमांक मुळात धोकादायक नसतो. तो पाटीवरचा आकडा आहे. धोका असतो तो त्यामागे ऐकत बसलेल्या, कोणाच्या लक्षात न राहिलेल्या सेवेत. ७९, २३ आणि ४४५ या तिन्ही वाटा सोयीसाठी आखल्या गेल्या, त्याही ओळखीच्या माणसांसाठी. वस्ती वाढली, पण दरवाजांवरचा विश्वास जुनाच राहिला.

१५/ म्हणून आज एवढे करा. घरच्या राउटरचा आणि कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बदला, टेलनेट बंद करा, ४४५ इंटरनेटकडे उघडा ठेवू नका आणि दुरुस्त्या वेळेवर घ्या. आणि पुढे कधी २१, २२, २३ हे आकडे ओळीने दिसले, तर मधला सम आकडा एका चोरीनंतर आला होता, हे आठवा. ॥ समाप्त ॥