अँट्रिम किनारा

अँट्रिम किनारा : उत्तर आयर्लंडमधील अँट्रिम परगण्याचा समुद्रकाठ. लार्नपासून पोर्टरशपर्यंतचा हा पट्टा बेलफास्टहून, आणि पहाटे निघण्याची तयारी असेल तर डब्लिनहूनही, एका दिवसाच्या सहलीत पाहता येतो. जायंट्स कॉजवे ही शिळास्तंभांची नैसर्गिक फरसबंदी, डनलूसचा पडका किल्ला आणि कॅरिक-अ-रीडचा दोरपूल ही अशा सहलींची ठरलेली ठिकाणे. तिन्ही ठिकाणी पायाखाली ज्वालामुखीचाच काळा कातळ असतो.

सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिक महासागर उघडू लागला, तेव्हा इथल्या पांढऱ्या चुनखडीवर लाव्हा पसरला. पहिल्या उद्रेकांनंतर मोठी उसंत गेली. तेवढ्या काळात उष्ण, दमट हवेने वरचा खडक कुजून त्याचा तांबडा जांभा झाला आणि नद्यांनी दऱ्या कोरल्या. पुढच्या खेपेचा लाव्हा अशाच एका दरीत साचला. जाड थर सावकाश निवाला, आक्रसला आणि आटत्या तळ्यातल्या चिखलासारखा भेगाळला. चिखलाच्या भेगा वरच्यावर राहतात. इथल्या भेगा खोल उतरत गेल्या आणि कातळाचे उभे खांब झाले. जायंट्स कॉजवेला असे सुमारे ४०,००० स्तंभ आहेत. बहुतेक षट्कोनी, पण चार, पाच, सात, आठ बाजूंचेही सापडतात. कड्यातले काही १२ मीटरपर्यंत उंच आहेत. पाण्यालगतच्या खांबांवर फोटो काढून बहुतेक पर्यटक परत फिरतात, पण खरी गोष्ट मागच्या कड्यात आहे. दोन काळ्या थरांमधला तो तांबडा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधली उसंत. कोकणातला जांभा, सह्याद्रीच्या कातळातले तांबडे पट्टे आणि अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेल्या माणसाला इथे फारसे समजावून सांगावे लागत नाही.

लोककथेने या स्तंभांचे श्रेय फिन मॅकूल या राक्षसी वीराला दिले आहे. स्कॉटलंडच्या बेनँडॉनर या राक्षसाशी झुंजायला त्याने समुद्रात वाट बांधली. पण प्रतिस्पर्ध्याचा आकार पाहून तो घाबरला आणि बायकोने त्याला तान्ह्या बाळासारखे गुंडाळून निजवले. बाळ एवढे तर बाप केवढा, या धास्तीने बेनँडॉनर वाट उखडत पळाला. कथा रचणाऱ्यांची नजर मात्र चांगली होती: पलीकडे स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावर असेच स्तंभ आहेत आणि ते त्याच ज्वालामुखी प्रदेशातले आहेत.

विद्वानांपर्यंत कॉजवेची जागा पोहोचली ती १६९३ मध्ये, लंडनच्या रॉयल सोसायटीत तिचे वर्णन सादर झाले तेव्हा. सुझॅना ड्रूरी या चित्रकर्तीने १७४० च्या सुमारास काढलेल्या चित्रांच्या छापील प्रती युरोपभर गेल्या. हे खडक पाण्यात साचून झाले की आगीतून, हा वाद पुढे पेटला. फ्रान्समधले तसेच खडक अभ्यासणाऱ्या निकोला देमारे यांनी ज्वालामुखीचा पक्ष मांडला आणि अखेर तोच टिकला. १९८६ मध्ये युनेस्कोने कॉजवेला जागतिक वारसास्थळ ठरवले.

ऑक्टोबर १५८८ मध्ये इंग्लंडवरील स्वारीतून माघारी निघालेले ‘जिरोना’ हे स्पॅनिश जहाज कॉजवेजवळच्या लकाडा पॉइंटवर आपटून फुटले. आधी फुटलेल्या जहाजांवरचे खलाशीही त्यात कोंबलेले होते. सुमारे १,३०० माणसांपैकी दहाही वाचली नाहीत. बेल्जियन पाणबुड्या रोबेर स्तेनुई याने १९६७ मध्ये अवशेष शोधले. त्यातले सोन्याचे दागिने बेलफास्टच्या अल्स्टर संग्रहालयात आहेत. माणकांनी मढवलेला सोन्याचा सॅलमँडर त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. सहलीतून हे संग्रहालय नेहमी गळते, हे खटकते.

जिरोनाच्या तोफा डनलूसच्या मॅकडॉनल सरदारांनी उचलल्या. समुद्रात घुसलेल्या कातळावरचा हा किल्ला १५०० च्या सुमारास मॅक्विलन घराण्याने उभारला आणि पुढे मॅकडॉनलांनी बळकावला. १६३९ च्या वादळी रात्री स्वयंपाकघर आचाऱ्यांसकट समुद्रात कोसळले, असे वाटाडे रंगवून सांगतात. पण चूल आणि भट्टीसकट ते स्वयंपाकघर अजून जागेवर आहे! पडली ती किल्ल्यातल्या वाड्याची उत्तरेकडची भिंत, आणि तीही १८व्या शतकात.

कॅरिक-अ-रीडचा पूल सॅमन मासे पकडणाऱ्या इथल्या कोळ्यांचा. बेटावर जाळी नेण्यासाठी १७५५ पासून ते दोर बांधत आले. आजचा पूल २० मीटर लांब आणि पाण्यापासून ३० मीटर उंच आहे. मासेमारी २००२ मध्ये थांबली, आता पलीकडे जातात ते पर्यटकच.

किनाऱ्याचा रस्ता अभियंता विल्यम बॉल्ड याने १८३२ ते १८४२ या काळात कडे सुरुंगांनी उडवून, समुद्राच्या अगदी कडेने नेला. पोर्टरश ते बुशमिल्स १८८३ मध्ये सुरू झालेली विजेची ट्राम १८८७ मध्ये कॉजवेपर्यंत वाढली. बुश नदीच्या पाण्यावर तयार केलेल्या विजेवर ती १९४९ पर्यंत चालली.

डब्लिनहून येणाऱ्या भारतीयाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाटेत सीमेवर फाटक नाही, शिपाई नाही. किलोमीटरचे मैल झाले आणि युरोचे पौंड झाले की आपण ब्रिटनच्या राज्यात आलो एवढेच. पण नुसता आयर्लंडचा व्हिसा इथे चालत नाही. दोन्हीकडे चालणाऱ्या संयुक्त योजनेचा शिक्का त्यावर असावा लागतो. कॉजवेच्या पायवाटेला तिकीट नाही. पैसे पडतात ते २०१२ मध्ये उघडलेल्या अभ्यागत केंद्राचे आणि गाडीतळाचे. अलीकडे खांबांच्या फटींत नाणी खोचण्याचे खूळ पसरले आहे. ती गंजून फुगतात, दगडाचे टवके उडवतात आणि तांबूस ओघळ मागे ठेवतात. बसवाले इथे दीड-दोन तास देतात. शेफर्ड्स स्टेप्सच्या १६२ पायऱ्या चढून कड्यावरून परतायला तेवढा वेळ पुरतो.