गळाचा चारा आणि राजा सोमेश्वर

मंडळी, आमच्या नशिराबादेहून समुद्र फार लांब. आम्हाला मासा ठाऊक तो वाघूर नदीचा. तेव्हा या वयात मास्तर समुद्रातल्या मासेमारीवर लिहितोय म्हणून घरचे हसतील. हसू द्या!

झाले असे, गेल्या हिवाळ्यात अलिबागला एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो होतो. शाळेत असताना हा पोरगा वाघूरवर गळ टाकून उशिरा यायचा. एकदा त्याच्या दप्तरातून गांडुळांची डबी निघाली. ती मी भर वर्गात खिडकीबाहेर फेकली.

आता तो खाडीकाठी बादलीतली एकेक कोळंबी निरखत होता. उसळी मारणारी घ्यायची, मलूल झालेली बाजूला. जिताड्यासाठी जिवंत कोळंबी उत्तम. गळ शेपटीजवळ अडकवायचा, म्हणजे ती पाण्यात पोहत राहते. शिंगाळा मात्र वासावर येतो, त्याला मेलेला तुकडाही चालतो. "ज्याला जे रुचतं ते द्यायचं, सर," तो म्हणाला.

मला एकदम 'मानसोल्लास' आठवला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. 1129 च्या सुमारास रचलेला हा संस्कृत ग्रंथ. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. राज्यकारभार, वैद्यक, स्वयंपाक, संगीत असे शंभर विषय त्यात आहेत. त्यातलाच एक 'मत्स्यविनोद', म्हणजे गळाने मासे धरण्याचा खेळ. समुद्रातले आणि नदीतले मिळून सुमारे 35 जातींचे मासे आणि त्यांचा चारा त्यात सांगितला आहे. इंग्रजीत गळाच्या मासेमारीवरचे पहिले पुस्तक छापले गेले 1496 साली, म्हणजे साडेतीनशेहून अधिक वर्षांनी!

राजाला हे कोणी सांगितले असेल? मला वाटते, पाण्याकाठच्या माणसांनीच. राजाने ते ऐकून घेतले, ग्रंथात घातले.

मी वर्गात 'मानसोल्लास' दोन वाक्यांत उरकायचो. जुन्या मराठीचे नमुने त्यात सापडतात, एवढेच सांगून पुढे जायचो. मत्स्यविनोदातली विद्या तिसऱ्या बाकावर डबीत घेऊन बसलेला मुलगा मला दिसला नाही.

ती डबी त्याला आठवते का, हे विचारायचे धाडस अलिबागला झाले नाही. तो हा ब्लॉग वाचतो म्हणे. बाळा, तेव्हा चुकलो रे.