मुसीचे पाणलोट : हैदराबादच्या माथ्यावरील तलाव

हैदराबादच्या जामबाग भागात विवेकवर्धिनी ही मराठी मंडळींनी उभारलेली जुनी शिक्षणसंस्था आहे. तेथून मुसी नदी पायी जाण्याच्या अंतरावर वाहते. पुलावरून दिसते ते सांडपाण्याने काळवंडलेले पात्र. शहराच्या बोलण्यात तर ती नदी उरलेलीच नाही, नाला झाली आहे. पण मुसीचे बरेवाईट पुलाखाली ठरत नाही. ते ठरते पश्चिमेला, विकाराबादजवळच्या अनंतगिरी टेकड्यांपासून शहराच्या वेशीपर्यंत पसरलेल्या तिच्या पाणलोट क्षेत्रात.

28 सप्टेंबर 1908 च्या महापुराने हे दाखवून दिले. अफझलगंज आणि नदीकाठच्या वस्त्या वाहून गेल्या. मृतांचा आकडा सर्वसाधारणपणे 15 हजारांच्या घरात सांगितला जातो. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे जण वाचले, ते झाड आजही दाखवतात. पुढे निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. त्यांनी केलेल्या पाहणीतील नोंदी आजही मुळातून अभ्यासाव्यात अशा आहेत. शहराच्या वरचे पाणलोट 862 चौरस मैलांचे आणि त्यात 788 तलाव, म्हणजे जवळपास दर चौरस मैलामागे एक. शमशाबादला 24 तासांत 12.8 इंच पाऊस पडला आणि 221 तलाव फुटले. वरचा तलाव फुटला की त्याचा लोंढा खालच्याच्या बांधावर आदळे, आणि शहरापर्यंत पाऊस व फुटलेले तलाव असे दोन्हींचे पाणी एकवटून आले.

हे तलाव एकेकटे नव्हते. एकाच्या सांडव्याचे पाणी दुसऱ्यात जाई, अशी ती साखळी होती. गावोगाव ‘नीरुडी’ नावाचा माणूस तलावाचे दार उघडण्या-लावण्याचे आणि शेतांना पाणी वाटण्याचे काम करी. गोव्याच्या वाचकाला खाजन शेतीतील मानस आणि गावकरीने राखलेले बांध आठवावेत. पाणी खारे की गोडे हा फरक मोठा. पण बांध एकाने दुर्लक्षिला तर शेजाऱ्याचे शेत बुडते, हे दोन्हीकडे सारखेच.

विश्वेश्वरय्यांच्या शिफारशीनुसार मोठी धरणे झाली : मुसीवर उस्मानसागर (1920) आणि ईसीवर हिमायतसागर (1927). पूर आवरला, शहराला पिण्याचे पाणी मिळाले. मात्र पाणलोटाचा कारभार हळूहळू गावाकडून कचेरीकडे गेला. 8 मार्च 1996 च्या शासन आदेश क्रमांक 111 ने दोन्ही जलाशयांभोवती 10 किलोमीटरच्या टापूत, 84 गावांत, प्रदूषणकारी उद्योग व मोठ्या बांधकामांवर निर्बंध घातले. सर्वोच्च न्यायालयानेही एका तेल कारखान्याच्या प्रकरणात या जलाशयांच्या बाजूने निकाल दिला. एप्रिल 2022 मध्ये तेलंगण सरकारने दुसरा आदेश काढून ते निर्बंध उठवले. आदेशाने आलेले संरक्षण आदेशानेच गेले. त्या 84 गावांतील शेतकऱ्याला निर्बंध म्हणजे जमिनीची पडलेली किंमत एवढाच अनुभव होता. त्याने राखलेल्या पाण्याचा मोबदला त्याला शहराने कधी दिला नाही. मग त्याने आदेशाच्या बाजूने का उभे राहावे?

लोक सोबत असले की काय होते, याची ओळख महाराष्ट्रात हिवरे बाजारने करून दिली. अहिल्यानगर जिल्ह्यातील या अवर्षणग्रस्त गावात 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. समतल चर आणि बंधारे अनेक गावांत झाले आहेत. हिवरे बाजारचे वेगळेपण हिशेबात आहे. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची, आणि यंदा कोणती पिके परवडतील ते ग्रामसभेत ठरवायचे. शेतीसाठी कूपनलिका नको, ऊस नको, हा निर्णय गावाने स्वतःवर घातला. पर्यावरण शिक्षण म्हणतात ते हेच. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये हा विषय शाळांत अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. पण जलचक्राची आकृती काढणाऱ्या मुलाला आपल्या नळाचे पाणी कोणत्या तलावातून येते, हे ठाऊक नसेल तर धडा अर्धाच राहतो.

तेलंगणात 2015 साली सुरू झालेल्या ‘मिशन काकतीय’ने राज्यातील 46 हजारांहून अधिक तलावांचे पुनरुज्जीवन हाती घेतले. पैसा सरकारी होता, पण उपसलेला गाळ शेतकऱ्यांनी स्वखर्चाने शेतात नेला, कारण तो सुपीक होता. शहरालगतच्या तलावांना असा वाली नाही. तेथे शेत उरलेले नाही, गाळ कोणाला नको आणि तळ्याची जमीन सगळ्यांना हवी. ऑक्टोबर 2020 च्या अतिवृष्टीत बालापूर भागातील गुर्रम चेरुवूचा बांध फुटला आणि जुन्या शहराच्या वसाहतींत पाणी शिरले.