मोटरहोम : वजन आणि ओढण्याच्या मर्यादा

झोपण्याची, स्वयंपाकाची व शौचालयाची सोय असलेली, स्वतःच्या इंजिनावर चालणारी गाडी म्हणजे मोटरहोम. तिने किती भार वाहावा आणि मागे किती ओढावा, हे मुळात चासी बनवणारा कारखाना ठरवतो. वरचे घर बांधणारा बहुधा वेगळा असतो. भिंती, पलंग, फ्रिज, टाक्या यांतच चासीची बरीचशी क्षमता खर्ची पडते आणि प्रवाशांच्या वाट्याला उरलेसुरले वजन येते. ‘सहा जणांची सोय’ अशी जाहिरात असलेल्या गाडीत सहा माणसे त्यांच्या सामानासह वजनात बसतीलच, असे नाही.

अमेरिकेत चार आकडे पाहावे लागतात : भरलेल्या गाडीचे कमाल वजन म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, प्रत्येक आसावरचा कमाल भार, गाडी व तिने ओढलेले वाहन यांचे मिळून कमाल वजन म्हणजे जीसीडब्ल्यूआर, आणि मागच्या हिचची, म्हणजे ट्रेलर जोडण्याच्या जोडणीची, क्षमता. एक मर्यादा पाळली म्हणून दुसरी मोडण्याची मुभा मिळत नाही. फोर्डच्या ई-४५० चासीवरील मोटरहोमचे उदाहरण घेता येईल. जीव्हीडब्ल्यूआर १४,५०० पौंड (सुमारे ६,५७७ किग्रॅ.) आणि जीसीडब्ल्यूआर २२,००० पौंड असल्यास पूर्ण भरलेल्या गाडीमागे ७,५०० पौंड ओढता येतील, असे वजाबाकी सांगते. पण हिच ५,००० पौंडांचा असेल तर मर्यादा ५,००० पौंडांचीच. इंजिन ओढते आहे म्हणून सगळे ठीक आहे, हा समज घाटाच्या उतारावर महागात पडतो. चासीचे ब्रेक सामान्यतः गाडीच्या स्वतःच्या कमाल वजनापुरते आखलेले असतात. मागच्या वाहनाला स्वतःचा ब्रेक हवा. अनेक राज्यांत ३,००० पौंडांवरील ट्रेलरला तो कायद्यानेच लागतो.

आसांचा हिशेब सर्वांत फसवा. दोन आसांमधील अंतर ४ मी. असून मागच्या आसाच्या २.५ मी. मागे १०० किग्रॅ.ची स्कूटर टांगली, तर तरफेच्या नियमाने मागच्या आसावर १६२.५ किग्रॅ. भार वाढतो आणि पुढच्या आसावरचा ६२.५ किग्रॅ.ने कमी होतो. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा आस व टायर जादा भारले जातात, पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंगची पकड सुटते. फियाट डुकाटोसारख्या पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत ओढीची पकडही त्याबरोबर जाते. ट्रेलरचा हिचवर पडणारा भार असेच करतो. टायरचे तर आणखी वेगळे : जोडचाकांतील टायर एकट्या चाकातील त्याच टायरपेक्षा कमी भार पेलतो, आणि हवा कमी असेल तर दोन्हींची क्षमता घटते.

पाणी लिटरला १ किग्रॅ.; १५० लिटरची टाकी भरली की दोन माणसांचे वजन वाढले. वापरलेले पाणी सांडपाण्याच्या टाकीत जाते. ते सोडून देईपर्यंत गाडी हलकी होत नाही, भाराची जागा तेवढी बदलते. २००८ पासून अमेरिकेत नव्या मोटरहोमच्या दारालगत एक पट्टी लावावी लागते. माणसे व सामान मिळून किती वजन चालेल आणि पूर्ण भरलेल्या पाण्याचे वजन किती, हे तिच्यावर असते. गाडी घेण्यापूर्वी हीच पट्टी आधी वाचावी. पडद्यांचा रंग नंतर पाहता येतो.

युरोपात गाडा ३,५०० किग्रॅ.वर अडतो, कारण साधा बी वर्गाचा परवाना तिथवरच चालत आला आहे. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पूर्वी मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना ७,५०० किग्रॅ.पर्यंतची मुभा आहे. सत्तरीनंतर ती टिकवायला वैद्यकीय तपासणी लागते. ३,५०० किग्रॅ.च्या मर्यादेत मोठी गाडी बसवण्यासाठी उत्पादक कागदावर कसरत करतात. चालू स्थितीतील वजनात ७५ किग्रॅ.चा चालक व ९० टक्के इंधन धरतात, पण पाण्याची टाकी प्रवासात २० लिटरच भरायची, असे काही जण जाहीर करतात. शिवाय जाहीर वजनात ५ टक्के फरक चालतो, ३,००० किग्रॅ. लिहिलेली गाडी ३,१५० किग्रॅ. भरली तरी नियमभंग होत नाही. शिल्लक क्षमतेतले दीडशे किलो तिथेच गेले.

म्हणून गाडी प्रवासाला निघते तशी, माणसे, पाणी, इंधन व सामानासह वजनकाट्यावर न्यावी. अमेरिकेत ट्रकथांब्यांवरील ‘कॅट स्केल’वर पुढचा आस, मागचा आस व ट्रेलर यांचे वजन वेगवेगळे मिळते. जमल्यास डाव्या-उजव्या चाकांचेही वजन घ्यावे, कारण स्वयंपाकघर आणि टाकी एकाच बाजूला आल्यास गाडी तिकडे झुकते. मागे हवेच्या स्प्रिंगा बसवून गाडीची उंची सावरता येते; जीव्हीडब्ल्यूआर मात्र त्याने वाढत नाही.