सातव्या रकान्यापासून

मी मूळचा कळमनुरी तालुक्यातला. १९७२च्या दुष्काळानंतर मुंबईला गेलो आणि एका कचेरीत प्रोग्रामर झालो. आईला हे काम कसे समजवावे कळेना, म्हणून पत्रात लिहिले, "कार्डांना भोके पाडतो." ते खोटेही नव्हते. एका कार्डावर ८० रकाने आणि प्रोग्रामची एक ओळ. गठ्ठा खिडकीत द्यायचा, निकाल दुसऱ्या दिवशी. एक पूर्णविराम राहिला की तो दिवस फुकट.

आमच्याही आधीची पिढी होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या चमूने बांधलेला संगणक १९६० मध्ये चालू झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत, म्हणजे अवघे दहा किलोबाइट. आज मोबाइलवर येणारा 'सुप्रभात'चा फोटोही त्यात बसणार नाही!

जागेची ही चणचण आमच्या अंगात मुरली होती. सालाचे आम्ही शेवटचे दोनच आकडे ठेवत असू. १९४२चा जन्म म्हणजे ४२. रकाने वाचले म्हणून स्वतःचीच पाठ थोपटत असू. पण २००० साल म्हणजे ००. त्यातून ४२ गेले की माणसाचे वय उणे ४२! निवृत्तीचा हिशेब याच वयावर चाले, आणि ज्यांच्या पोटावर पाय येणार होता ते शेजारच्या टेबलावरचेच सहकारी होते. १९९९ मध्ये सहा महिने मी माझेच जुने प्रोग्राम वाचत बसलो. मला ते लागेनात. एक तरुण म्हणाला, "काका, हे कुणी लिहिलंय हो?" मी गप्प राहिलो. त्याच वर्षी १ मे रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे घरचा पत्ताही दुरुस्त करावा लागला.

मध्यंतरी आम्ही जुने सोबती जमलो. कुणाच्या कानात यंत्र, कुणाच्या खिशात गोळ्या. एकाला नातवाचे नाव आठवेना, पण फोर्ट्रानची ओळ सातव्या रकान्यापासून सुरू होते, हे त्याने चटकन सांगितले. त्याला मी आमच्या औंढा नागनाथची बातमी दिली. तिथे चार किलोमीटरच्या दोन भुजांची 'लायगो' वेधशाळा होते आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्राने तिच्या सुमारे २६०० कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली. गुरुत्वीय लहर इतकी क्षीण असते की गोंगाटातून ती गणितानेच वेचावी लागते. लहरींचे नमुने आधी काढून ठेवायचे आणि आलेली नोंद प्रत्येकाशी ताडून पाहायची. हे नमुने कसे निवडावेत, याचे गणित पुण्याच्या 'आयुका'तील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्येच मांडले होते. पहिली लहर अमेरिकेत सापडली, ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी.

मित्र बराच वेळ डोळे मिटून ऐकत होता. मला वाटले, झोपला.

"नमुने किती म्हणालास?" त्याने विचारले. "आणि मेमरी पुरते का रे?"