बेटांमागची खार

मुंबई बंदराचे पाणी एकेकाळी बेटांच्या गर्दीतून फिरत असे. पश्चिमेला मुंबईची सात बेटे, त्यांच्या उत्तरेला सहासष्ट गावांची साष्टी, शेजारी तुर्भे. पूर्वेकडे घारापुरी आणि उरण-करंजा. याच पाण्याचा एक फाटा पनवेलच्या खाडीने आत शिरतो. डोंगरांकडून येणारी कासाडी तिकडेच वाहते आणि तिच्या काठी नावडे आहे. गावातून समुद्र दिसत नाही, तरी हा पट्टा घडवला तो भरती-ओहोटीनेच.

उधाणाला पाणी चिखलाचे पट्टे बुडवते. भांगाला ते पुष्कळ कमी चढते. या खाऱ्या चिखलात तिवरे टिकतात, कारण त्यांची श्वासमुळे वर डोके काढून हवा घेतात. त्यांच्या आडोशाला निवट्या, चिंबोऱ्या, कोलंबी आणि जिताड्याची पिल्ले वाढतात. कोळ्यांनी या पाण्यावर पोट भरले. आगऱ्यांनी त्यातून जमीन काढली. त्यांचे नावही मिठाच्या आगरावरून आले असे मानतात.

जमीन काढणे म्हणजे चिखलाचा बांध घालणे. बांधात उघाडी बसवत: ओहोटीला आतले पाणी बाहेर जाई, भरतीला दार मिटे. पाऊस मातीतले मीठ धुऊन नेई आणि मग लाल राता भात पिके. एका जागी खांड पडली की साऱ्या शिवारात खारे पाणी शिरे, त्यामुळे बांधाची राखण एकट्याची कधीच नव्हती. उन्हाळ्यात मिठागरांत मीठ पिके. अशा बांध घालून काढलेल्या खारजमिनींसाठी मुंबई सरकारने 1948मध्ये कायदा केला, तर पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पुढे खारपट्ट्यात तगणारे भाताचे वाण काढले.

मुंबईची बेटे मात्र अठराव्या शतकापासून भराव आणि बांधरस्त्यांनी जोडली जात होती. पूर्व किनाऱ्यावर हे काम उशिरा आले, पण झपाट्याने. 1970मध्ये सिडको हे शहर वसवणारे महामंडळ स्थापन झाले आणि नव्या शहरासाठी पनवेल, उरण व ठाणे भागांतील 95 गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. मोबदल्यासाठी शेतकरी उभे राहिले. जानेवारी 1984मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात मारले गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. 1989मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. पुढे नव्या शहराच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी उतरवून उलवे नदीचे पात्रच वळवण्यात आले. शिवडी आणि न्हावा-शेवा यांना जोडणारा अटल सेतू जानेवारी 2024मध्ये खुला झाला. घारापुरीला जायला मात्र अजून होडीच लागते.