एसयूव्हीची मागची काच बदलण्यापूर्वी काय विचारावे?

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण हा पट्टा देशाच्या वाहन उद्योगाचे एक प्रमुख केंद्र मानला जातो. टाटा सफारी १९९८ मध्ये पिंपरीच्या कारखान्यातून बाजारात आली. महिंद्राची एक्सयूव्ही ५०० ही २०११ मध्ये, तर एक्सयूव्ही ७०० ही २०२१ मध्ये चाकणहून आली. स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन यांचे उत्पादनही चाकणलाच सुरू झाले. वाहनांच्या काचा बनविणाऱ्या सेंट-गोबेन सेक्युरिट इंडिया या कंपनीचा कारखाना चाकणजवळच्या कुरुळी येथे आहे. असे असूनही याच परिसरात राहणाऱ्या वाहनधारकाच्या एसयूव्हीची मागची काच फुटली, की नेमके काय विचारायचे हे त्याला माहीत नसते. ‘काच बसवून द्या’ एवढे सांगून तो मोकळा होतो आणि चुकीच्या काचेचा त्रास पहिल्या पावसात सुरू होतो.

मागची काच फुटण्याची कारणे पुढच्या काचेपेक्षा वेगळी असतात. गाडी मागे घेताना खांबाला किंवा ट्रकमधून बाहेर आलेल्या सळईला लागणे, डिकीत तिरपे ठेवलेले सामान दार लावताना आतून काचेवर दाबले जाणे, सोसायटीच्या बागेत गवत कापण्याच्या यंत्रातून खडा उडणे, मुलांचा चेंडू लागणे किंवा चोरीचा प्रयत्न, अशी ती कारणे आहेत. काही वेळा काचेच्या कडेला आधीच लागलेला बारीक टवका पुढे कारणीभूत ठरतो आणि उभ्या गाडीची काच अचानक फुटल्यासारखे वाटते.

दुरुस्ती का होत नाही?

गाडीची पुढची काच ‘लॅमिनेटेड’ असते. दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असल्याने ती तडकली तरी जागेवर राहते आणि लहान टवका भरूनही काढता येतो. मागची काच बहुतेक गाड्यांत ‘टफन्ड’ असते. काच सहाशे अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापवून हवेच्या झोताने झपाट्याने थंड केली जाते. त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि आतला भाग ताणाखाली राहतो. अशी काच साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत असते. मात्र हा समतोल एका ठिकाणी मोडला, की संपूर्ण काचेचे क्षणात बारीक, बोथट दाणे होतात. मोठ्या धारदार तुकड्यांनी प्रवाशांना इजा होऊ नये, हाच त्यामागील हेतू आहे.

याच गुणधर्मामुळे तयार झालेली टफन्ड काच नंतर कापता येत नाही, घासून लहान करता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही. काच चुकीची आली, तर ती परत करणे एवढाच मार्ग उरतो. म्हणून सारे प्रश्न मागणी नोंदविण्यापूर्वीच विचारायला हवेत.

काच फुटल्यानंतर लगेच

प्रथम गाडीची, फुटलेल्या काचेची आणि सभोवतालची छायाचित्रे घ्यावीत. विमा वापरायचा असेल, तर काच काढण्यापूर्वी विमा कंपनीला कळवावे. चोरीचा प्रयत्न किंवा दगडफेक झाली असेल, तर पोलिसांत तक्रार नोंदवावी. तिसऱ्या रांगेत मुले बसत असतील, तर दाणे पूर्ण काढेपर्यंत ती जागा वापरू नये.

उघड्या भागावर जाड प्लॅस्टिक लावावे; मात्र चिकटपट्टी रंगावर अनेक दिवस राहू देऊ नये. एक धोका बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एसयूव्हीसारख्या मागून उभट गाडीच्या पाठीमागे धावताना हवेचा दाब कमी होतो आणि उघड्या काचेतून सायलेन्सरचा धूर आत ओढला जाऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साईड असतो आणि त्याला वास नसतो. त्यामुळे मागची बाजू उघडी असताना लांबचा प्रवास टाळावा. जवळ जायचेच असेल, तर पुढच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

पहिला प्रश्न : ही काच माझ्याच गाडीची आहे का?

गाडीचे नाव आणि वर्ष सांगणे पुरेसे नाही. एकाच मॉडेलच्या स्वस्त आणि महाग प्रकारांत मागची काच वेगळी असू शकते. एका प्रकारात वायपर असतो, म्हणून काचेला भोक असते. दुसऱ्यात ते नसते. काही काचांवर धुके घालविणाऱ्या डिफॉगरच्या रेषा असतात, तर काहींवर नसतात. काही गाड्यांत रेडिओची अँटेनाही काचेवरच छापलेली असते. काही एसयूव्हींची मागची काच दारापासून स्वतंत्रपणे वर उघडते. तेव्हा बिजागरी आणि गॅस स्ट्रट यांचाही विचार करावा लागतो. म्हणून नोंदणी पुस्तकातील चेसिस क्रमांक देऊन त्यावरूनच काचेचा पार्ट क्रमांक काढण्याचा आग्रह धरावा.

डिफॉगरविषयी स्वतंत्रपणे विचारावे. काचेच्या आतील बाजूच्या त्या तपकिरी रेषा म्हणजे चांदीयुक्त लेप भाजून तयार केलेल्या वीजवाहक पट्ट्या असतात. दोन्ही कडांच्या उभ्या पट्ट्यांना त्या जोडलेल्या असतात आणि तेथेच वायर येते. जून ते सप्टेंबर या काळात, वातानुकूलन चालू असताना मागचे स्पष्ट दिसणे याच रेषांवर अवलंबून असते. स्वस्त पर्याय म्हणून रेषा नसलेली काच सुचविली जाते. ती बसते, दिसायलाही बरी दिसते. पण डिफॉगर कायमचा निकामी होतो. रेषा असूनही वायरचे टोक जुळत नसेल, तरी परिणाम तोच होतो.

दुसरा प्रश्न : काच कोणी बनविली?

बाजारात साधारण तीन प्रकार मिळतात : वाहन कंपनीच्या सुट्या भागांच्या वेष्टनातील काच, त्याच किंवा दुसऱ्या नामांकित काच उत्पादकाने खुल्या बाजारासाठी बनविलेली काच, आणि जुन्या गाडीतून काढलेली काच. पहिल्या दोहोंच्या किमतीत फरक असतो. तो का आहे, हे विक्रेत्याला विचारावे. ‘कंपनीतून थेट आणलेली काच’ असे या औद्योगिक परिसरात सर्रास सांगितले जाते. त्यावर विसंबण्यापेक्षा काचेच्या कोपऱ्यातील छापील खूण पाहावी आणि पक्के बिल मागावे.

या खुणेत उत्पादकाचे नाव, काचेचा प्रकार आणि आयएसआय चिन्ह असते. रस्त्यावरील वाहनांच्या सुरक्षा काचेसाठी आयएस २५५३ भाग २ हे भारतीय मानक आहे. चिन्हासोबतचा ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर तपासता येतो. पुसट खूण, चिकटविलेले लेबल किंवा खूणच नसणे, यांपैकी काहीही आढळल्यास काच नाकारावी.

जुनी काच बंद पडलेल्या मॉडेलसाठी कधी कधी एकमेव पर्याय ठरते. तेव्हा तिच्या कडा बोट न फिरवता, उजेडात नीट पाहाव्यात. कडेला टवका असलेली काच घेऊ नये. डिफॉगरच्या रेषा तुटलेल्या नाहीत ना, हेही पाहावे.

तिसरा प्रश्न : काच किती गडद?

परदेशात अनेक एसयूव्हींना मागे गडद काच असते आणि तशी बसवून देण्याची तयारी काही दुकानदार दाखवितात. भारतात ते नियमबाह्य आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काचेवर काळ्या फिल्म लावण्यास मनाई केली. पुढे नियम १०० मध्ये झालेल्या दुरुस्तीचा आधार घेऊन, प्रकाशाची ही मर्यादा पाळणारी फिल्म लावल्याबद्दल कारवाई करता येणार नाही, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये दिला. मर्यादा मात्र कायम आहे. शिवाय डिफॉगरवर लावलेली फिल्म पुढे काढताना रेषाही सोबत निघण्याची भीती असते.

चौथा प्रश्न : काच कशाने आणि कोठे बसविणार?

जुन्या गाड्यांत काच रबराच्या बीडिंगमध्ये बसते. अशा गाडीला नव्या काचेबरोबर नवे बीडिंग घ्यावे. ताठरलेले जुने रबर पाणी अडवीत नाही. अलीकडच्या बहुतेक एसयूव्हींत काच पॉलियुरेथेनने, म्हणजे कारागिरांच्या भाषेत ‘पीयू’ने चिकटविली जाते. त्याऐवजी साधे सिलिकॉन वापरणार असतील, तर नकार द्यावा.

पीयूच्या नळीवरील मुदत पाहावी. प्रायमर लावणार का, हे विचारावे. जुना पीयू कापताना पत्र्यावर ओरखडा पडला, तर तेथे गंज धरतो आणि काही पावसाळ्यांनंतर नवी काचही गळू लागते. म्हणून ओरखडा पडल्यास गंजरोधक प्रायमर लावणे ही कारागिराची जबाबदारी आहे, हे आधीच ठरवून घ्यावे.

पीयू हवेतील ओलाव्याने घट्ट होतो. पण चिकटविण्याची जागा कोरडीच हवी. घरपोच सेवा सोयीची असली, तरी जुलैच्या पावसात उघड्या पार्किंगमध्ये हे काम करून घेऊ नये. गाडी किती तासांनी हलवायची, याचे उत्तर वापरलेल्या पीयूवर अवलंबून असते, त्यामुळे उत्पादकाने दिलेली वेळ विचारावी. पहिला दिवस एक खिडकी किंचित उघडी ठेवावी आणि दारे आपटू नयेत. बंद गाडीत दार आपटल्यास आतल्या हवेचा दाब ओल्या सांध्यावर येतो. जोरदार फवाऱ्याने गाडी धुणेही काही दिवस टाळावे.

पाचवा प्रश्न : विमा वापरावा का?

केवळ तृतीय पक्ष विमा असेल, तर काचेची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर मात्र ५० टक्के कापला जातो. चिकटवणीसारख्या वस्तूंचा खर्च मिळेल का, हे विचारून घ्यावे. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला १,००० रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनाला २,००० रुपये अनिवार्य वजावट असते.

खरा हिशेब ‘नो क्लेम बोनस’चा आहे. समजा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा हप्ता १२,००० रुपये आहे आणि ५० टक्के बोनसमुळे ६,००० रुपयेच भरावे लागतात. काचेचे बिल ९,००० रुपये झाले, तर २,००० वजा जाता विम्यातून सुमारे ७,००० मिळतील. पण बोनस गेल्याने पुढील वर्षी पूर्ण १२,००० आणि त्यानंतरच्या वर्षी २० टक्के बोनस धरून ९,६०० भरावे लागतील. दोन वर्षांतच ९,६०० रुपयांचा भुर्दंड पडतो. बोनस संरक्षणाची जोड पॉलिसीत असेल, तर चित्र बदलते. म्हणून दावा दाखल करण्यापूर्वी पॉलिसीतील अटी वाचून हा आकडा स्वतः मांडावा.

गाडी ताब्यात घेताना

डिफॉगर सुरू करून काही मिनिटांनी आतून हाताने सर्व रेषांची ऊब तपासावी. या रेषा समांतर जोडलेल्या असल्याने एक तुटली, तरी बाकीच्या चालू राहतात. त्यामुळे थंड राहिलेली रेषा सहज कळते. वायपर, वॉशर, वरचा ब्रेक दिवा, मागचा कॅमेरा, रेडिओ आणि दाराचे कुलूप एकेक करून पाहावे, कारण काच काढताना दाराच्या आतील आवरणही अनेकदा उघडले जाते. पुढच्या काचेमागे चालक-साहाय्य प्रणालीचा कॅमेरा असलेल्या गाड्यांत ती काच बदलल्यावर कॅमेऱ्याची पुन्हा जुळणी करावी लागते. मागच्या काचेसाठी सहसा ती लागत नाही. तिचे पैसे बिलात असतील, तर कारण विचारावे.

काचेचे दाणे दाराच्या पोकळीत, आसनांच्या रुळांत आणि सुट्या चाकाच्या कप्प्यात अडकतात. दार दोन-तीनदा उघडून-मिटून आवाज ऐकावा आणि खळखळ झाल्यास पुन्हा व्हॅक्यूम करून घ्यावे. सांधा घट्ट झाल्यानंतर साध्या नळीने पाणी सोडून गळती तपासावी.

हे लक्षात ठेवा

- चेसिस क्रमांकावरून पार्ट क्रमांक निश्चित करा.
- डिफॉगर, वायपरचे भोक आणि अँटेना जुन्या काचेप्रमाणेच आहेत का, ते काच बसविण्यापूर्वी पाहा.
- आयएसआय चिन्ह आणि परवाना क्रमांक तपासा.
- काच, बीडिंग, पीयू आणि मजुरी यांचे वेगवेगळे दर लेखी घ्या.
- गळतीची हमी किती महिन्यांची, हे बिलावर लिहून घ्या.
- विम्याचा दावा करण्यापूर्वी बोनसचा हिशेब करा.

पक्के बिल असेल, तर वाद झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तोंडी आश्वासन तेथे सिद्ध करणे अवघड जाते. काच बसविण्यापूर्वी दहा मिनिटे प्रश्न विचारण्यात गेली आणि उत्तरे बिलावर उतरली, तर ही वेळ बहुधा येणार नाही.